ताईने न ठेवलेला चोर

माझी ताई आणि मी एकाच शाळेत शिकवतो आणि एकाच घरात राहतो, कारण आम्ही दोघी सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांच्या गळ्यात पडलो. बहिणी म्हणून भांडून झालं की जावा म्हणून भांडता येतं, अशी सोय फार थोड्या बायकांना मिळते. शाळेतही एकमेकींपासून सुटका नाही. तिचा चौथीचा वर्ग आणि माझा पहिलीचा, यांच्यामध्ये भिंत नसून लाकडी पार्टिशन आहे. त्या पार्टिशनला माझ्या टेबलाच्या बाजूने एक भोक आहे. लाकडातली गाठ निसटून पडली असावी. माझी पोरं मान खाली घालून अक्षरं गिरवायला लागली की मी त्या भोकाला डोळा लावते. ताई याला चोंबडेपणा म्हणते. मी याला शेजारधर्म म्हणते.

तर ताईची एक पद्धत आहे आणि त्या पद्धतीचा तिला भारी अभिमान आहे. रोज सकाळी मुलं यायच्या आत ती फळ्यावर काहीतरी लिहिते किंवा चितारते आणि त्यात एक चूक मुद्दाम लपवते. या चुकीला तिच्या वर्गात चोर म्हणतात. कधी माशाला पापण्या असतात, कधी बेरजेतला हातचा गायब असतो, कधी घड्याळात तासकाटा मिनिटकाट्याहून लांब असतो. हजेरी झाली की चोर शोधायचा. ज्याला सापडेल त्याने हात वर करायचा, पुढे येऊन फळ्यावर बोट ठेवायचं आणि हे चूक का, ते सगळ्यांना पटवून द्यायचं. पटलं की मधल्या सुट्टीपर्यंत ताईची खुर्ची त्याची. ही खुर्ची गोल फिरते, तिला खाली चाकं आहेत, आणि तिच्यासाठी ही पोरं सख्ख्या भावालाही विकतील. ताई तोवर उभ्याने शिकवते आणि संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून चहा उकळते.

"फळ्याला चूक म्हणायला धीर लागतो," असं ती मला ऐकवते. "तो आला की समजायचं, पोर शिकायला लागलं."

मी माझ्या फळ्यावर वर्षभर सगळं बरोबर लिहिते, त्याचं कौतुक मात्र कुणाला नाही.

या वर्षी ताईच्या वर्गात एक मुलगी आली. तिला सगळे गोगी म्हणत. गोगलगायीचं हे लाडातलं रूप, आणि ते तिला तिच्या आजोबांनीच दिलेलं. आजोबा तिला रोज सोडायला आणि न्यायला यायचे. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आवाज अजून हुद्द्यावरच होता. शर्ट कडक इस्त्रीचा, पण कॉलरची एक बाजू कायम दुसरीपेक्षा वर. माणूस मात्र मायाळू. नातीचं दप्तर स्वतः उचलणार, वाकून तिच्या बुटाची लेस बांधणार, आणि बांधता बांधता फाटकाजवळच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ताईला सांगणार, "आमची ही जरा मंद आहे बरं का बाई. हिचा दादा म्हणजे नुसती वीज. हिला तेवढं सांभाळून घ्या." यात आपण काही वावगं बोलतोय असं त्यांच्या गावीही नसायचं. पोराला सर्दी झालीय, खिडकीत बसवू नका, असं कुणी सांगावं, तसं ते सांगायचे. आणि गोगी शेजारी उभी राहून मान डोलवायची, हो, सर्दी आहे खरी.

गोगी हळू होती, हे खोटं नाही. दप्तरातून पेन्सिल काढायला लागली की ताईचा अर्धा धडा उरकायचा. कशाकडे बघायला लागली की बघतच राहायची. पण एका बाबतीत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. ताईने नाव घेतलं रे घेतलं की ती ताडकन उभी राहायची आणि म्हणायची, "मला येत नाही." प्रश्न अजून ताईच्या तोंडातच असायचा. एकदा ताईने तिला खिडकी लावून घ्यायला सांगण्यासाठी हाक मारली, तरी उत्तर तेच आलं. वर्ग हसला, गोगीही हसली. मला भोकापलीकडून हसू आलं नाही.

आमच्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला, खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून, एक कोपऱ्यातला वर्ग आहे. मागे पडणाऱ्या मुलांना तिथे बसवतात. कागदोपत्री त्या वर्गाचं नाव फार गोड आहे. प्रत्यक्षात तिथे मुलांना रंगवायला चित्रं देतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. एकदा तिकडे गेलेलं पोर परत आपल्या वर्गात आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कुणाला तिथे पाठवायचं हे मोठ्या बाई ठरवतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या शुक्रवारी ताईच्या वर्गात मागे बसून गोगीला बघणार होत्या आणि सोमवारपासून ती कुठे बसेल ते ठरवणार होत्या. ताई गोगीला सोडायला बिलकुल तयार नव्हती. अडचण एकच होती. गोगीला तिकडे जायचं होतं.

"मला तिकडेच पाठवा ना बाई," ती ताईला म्हणाली होती.

"का गं?"

"तिकडे विचारत नाहीत."

त्या दिवशी ताई धड जेवली नाही. ताई जेवणावर रुसते म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं आमच्या घरात धरतात. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, ताट घेऊन गुपचूप दुसऱ्या खोलीत गेले.

त्या आठवड्यात ताईने चोर इतके सोपे केले, की माझ्या पहिलीतल्या पोरांनी पार्टिशनच्या भोकातून पकडले असते. गाईला पाच पाय काय, त्रिकोणाला चार बाजू काय. हात मात्र बाकीच्यांचेच वर व्हायचे, आणि सगळ्यात आधी सुपरफास्टचा. सुपरफास्ट हा त्या वर्गातला एक मुलगा. दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत याने चोर पकडलेला असतो. वाईट पोर नाही, फक्त त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. गोगी पाच पायांच्या गाईकडे बघत राहायची आणि तोवर सुपरफास्ट खुर्चीवर बसून दुसरी गिरकी घेत असायचा.

"शेवटचा उपाय करते," बुधवारी भाजी निवडताना ताई मला म्हणाली. "शुक्रवारचा चोर तिला आधीच सांगून ठेवते."

"म्हणजे पेपर फोडणार तू."

"फोडत नाहीये. जरासा किलकिला करतेय."

"आणि मोठ्या बाईंना कळलं तर?"

"तू सांगणार आहेस का?" ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी माझ्यापुढे सरकवून उठून गेली. धुवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर तिने गोगीला जवळ बोलावलं. मी अर्थातच भोकापाशी होते.

"हे बघ," ताई हळूच म्हणाली, "उद्याच्या चित्रात एक सायकल असेल. तिला चेन नसेल. तू लगेच हात वर करायचा. कळलं?"

गोगी विचारात पडली. बराच वेळ गेला. ताई उगाच टेबलावरचे खडू लावत बसली.

"पण बाई," शेवटी गोगी म्हणाली, "मग तो मी पकडला, असं कसं होईल?"

ताईने नीट लावलेले खडू पुन्हा विस्कटले. ती हरलेली मी, बहीण म्हणूनही आणि जाऊ म्हणूनही, आयुष्यात प्रथमच पाहत होते. या पोरीला जर मंद म्हणायचं, तर मग ताईला काय म्हणायचं, हा प्रश्न मी संध्याकाळी चहाबरोबर तिला विचारला. तिने चहा अर्धा टाकून दिला.

शुक्रवारी ताईने झकास चित्र काढलं. इरेला पेटली की तिचा हात चांगला चालतो. एक गल्ली, कोपऱ्यावर बेकरी, बेकरीच्या गच्चीवर धुराडं आणि धुराड्याला लागूनच कपडे वाळत घातलेली दोरी. खाली रस्त्यावर पावाची टोपली घेऊन निघालेला सायकलवाला, आणि त्याच्या सायकलला चेन नाही. वर उजव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे वार आणि तारीख. मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. तो बाक चौथीच्या मुलांच्या मापाचा असल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते आणि त्यामुळे त्या आणखीच कडक दिसत होत्या. मी माझ्या वर्गाला माती दिली, प्रत्येकाने एक हत्ती करायचा असं सांगितलं, आणि निवांत झाले. हत्तीला वेळ लागतो.

हजेरी संपली आणि सुपरफास्ट ओरडला, "चेन नाही." तो पुढे गेला, बोट ठेवलं, चेनशिवाय चाक कसं फिरेल ते एका दमात सांगितलं आणि खुर्चीवर जाऊन बसला. ताईने एकदा गोगीकडे पाहिलं. गोगी फळ्याकडे बघत होती. ताईने सुस्कारा सोडला आणि पुस्तक उघडलं. मागच्या बाकावर मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

झालं, गेलं पोर कोपऱ्यात, असं मी मनात म्हटलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका विद्यार्थ्याने येऊन हत्तीची सोंड पडल्याची तक्रार केली, त्याला मी नीट ऐकूनही घेतलं नाही.

धड्याचं पहिलं पान झालं, तेव्हा गोगीचा हात वर आला. इतका हळू आला की आधी मला वाटलं, ती केसांची पिन नीट करतेय.

ताई वाचता वाचता थांबली. वर्षभर या हाताची वाट पाहिलेली बाई, पण आता तिला काय करावं सुचेना.

"बोल गोगी."

"चोर आहे."

वर्ग खो खो हसला. सुपरफास्ट खुर्चीवरून म्हणाला, "अगं, तो मी मघाशीच पकडला."

"सापडला ना बाळ तो," ताई हळुवारपणे म्हणाली. "सायकलची चेन. आता खाली बस हं."

एरवी गोगी एवढ्यावर बसली असती, वर मानही डोलावली असती. पण ती उभीच राहिली. हात खाली घ्यायचंही विसरली होती.

"तो नाही. दुसरा आहे."

"दुसरा नाहीये गं. मी एकच ठेवते. रोज एकच ठेवते ना मी?"

"तुम्ही ठेवला नसेल बाई," गोगी म्हणाली. "पण तो आहे."

सुपरफास्टची गिरकी थांबली. मोठ्या बाईंनी चष्मा लावला. ताई वळून फळ्याकडे बघायला लागली. तिला काही दिसेना. मी भोकातून डोळा ताणून पाहिलं, मलाही काही दिसेना. शेवटी ताईने खडू पुढे केला आणि म्हणाली, "ये, दाखव."

गोगी पुढे आली. तिच्या चालीने आली, म्हणजे आम्हाला सगळ्यांना फळा दोनदा तपासून बघायला वेळ मिळाला. तिने धुरावर बोट ठेवलं. मग दोरीवरच्या कपड्यांवर बोट ठेवलं.

"धूर इकडे चाललाय," ती म्हणाली. "आणि कपडे तिकडे उडतायत. वारा तर एकच असतो ना?"

धूर डावीकडे वळला होता, कपडे उजवीकडे फडफडत होते. एकदा दिसलं की दुसरं काही दिसेना.

"वर वेगळा वारा असेल," सुपरफास्ट म्हणाला. खुर्ची हातची जाते म्हटल्यावर माणूस काहीही बोलतो, पण मुद्दा तसा बरा होता. सगळे गोगीकडे बघायला लागले. ती पुन्हा फळ्याकडे वळली. ताईचं तोंड उघडलं. मी इकडे मनात म्हणतेय, ताई, गप बस, तिला तिचा वेळ घेऊ दे. ताईने ओठ मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, माझ्या वर्गात दोन हत्तींची मारामारी सुरू झाली होती.

"वर नाहीये," शेवटी गोगी म्हणाली. "दोन्ही एकाच गच्चीवर आहेत. शेजारी शेजारी."

सुपरफास्टने फळा पाहिला आणि खुर्चीवरून पाय खाली सोडले.

आता ताईच्या चेहऱ्यावर कोणता विचार कधी येतो, हे मला लहानपणापासून पाठ आहे. मागे मोठ्या बाई बसलेल्या, पद्धत हिची, अभिमान हिचा. "शाब्बास, मीच तो लपवला होता, कोण पकडतंय ते बघत होते," हे वाक्य अगदी ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. लहानपणी घरातली बरणी फुटली होती तेव्हाही असंच एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्या वेळी ते बाहेर पडलं आणि मार मी खाल्ला होता. आज ते बाहेर पडलं असतं तर गोगीला खुर्ची मिळाली असती, टाळ्या मिळाल्या असत्या, आणि शोध मात्र ताईचा झाला असता.

ताईने खडू खाली ठेवला.

"हा मी ठेवला नव्हता," ती म्हणाली. "ही माझी चूक आहे. धूर तारखेवर जाऊ नये म्हणून मी तो इकडे वळवला आणि वारा विसरले. मी सकाळपासून हे चित्र बघतेय, मला दिसलं नाही."

गोगी तिच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे माझं बरोबर आहे?"

"तुझं बरोबर आहे. माझं चुकलंय."

"तुमचं?"

"माझं," ताई म्हणाली. त्याच फळ्यासमोर आणि मोठ्या बाईंसमोर. त्या क्षणी मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि कुणी सांगूही नये.

सुपरफास्ट स्वतःहून उठला, खुर्ची ढकलत गोगीपाशी नेली आणि म्हणाला, "नियम म्हणजे नियम. पण फिरताना पाय वर घ्यायचे, नाहीतर पडशील." गोगी बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. ती फिरली नाही. खुर्ची फळ्याकडे तोंड करून लावून घेतली आणि चित्र बघायला लागली.

मोठ्या बाई कशाबशा त्या बाकातून निघाल्या आणि पुढे आल्या.

"काय गं," त्यांनी विचारलं, "तुला कोपऱ्यातल्या वर्गात जायचंय म्हणे?"

प्रश्न संपला आणि उत्तर आलं नाही. मोठ्या बाई उभ्या, ताई उभी, सगळा वर्ग बघतोय, आणि गोगी विचार करतेय. मोठ्या बाईंना असं कुणी ताटकळत ठेवलेलं मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तिकडे फळ्यावर काहीच नसतं."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावून निघून गेल्या. त्या गेल्यावर ताई पुस्तकात डोकं घालून बराच वेळ एकच ओळ वाचत होती. मी भोकापासून उठले आणि हत्तींच्या मारामारीत पडले.

शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी आजोबा हजर होते. ही बातमी त्यांना ताईआधी आपण द्यावी म्हणून मी लगबगीने पुढे गेले, पण त्यांनी मला बोलायला जागाच ठेवली नाही.

"काय गोगी, मोठ्या बाईंसमोर काही आलं का? नाही ना? असू दे, असू दे." दप्तर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि सुटलेली लेस बांधायला खाली वाकले. "आमच्या हिचं जरा असंच आहे बघा बाई," ते मला म्हणाले.

गोगी त्यांच्याकडे नेहमीसारखी बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमची बटणं वरखाली लागलीयत."

आजोबा हसले. मग त्यांनी खाली पाहिलं. वरचं बटण दुसऱ्या काजात होतं, दुसरं तिसऱ्यात, आणि तसंच पार पोटापर्यंत. मी ती तिरकी कॉलर वर्षभर पाहत आले होते, पण बटणांपर्यंत माझी नजर कधी गेली नव्हती.

"अरेच्चा," ते म्हणाले. "आज घाईत झालं वाटतं."

"रोजच असतात," गोगी म्हणाली.

"रोज? मग सांगितलं नाहीस ते कधी?"

गोगीने थोडा वेळ घेतला.

"मला वाटायचं, मलाच कळत नसेल."

आजोबा तसेच वाकलेले राहिले. लेस हातात धरलेली होती, ती बांधायची राहून गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही, आणि कदाचित त्यांना ते कळलंही नसावं. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले, दप्तर नातीकडे दिलं आणि फाटकाजवळच्या सगळ्यांसमोर एकेक बटण काढून पुन्हा लावायला लागले. आवाज पहिल्यांदाच हुद्द्यावरून खाली आला होता.

"आता बरोबर झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"थांबा," गोगी म्हणाली. "मला नीट बघू द्या."